सहाव्या आठवड्याचा कोरा रकाना

माझ्या लेकीचं माता-बाल संरक्षण कार्ड मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलंय. बाहेर काढलं की अजून त्याला मालिशच्या तेलाचा वास येतो. आत मुलींसाठीचा गुलाबी आलेख आहे, त्यावर वजनाचे ठिपके वर चढत गेलेत. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, सगळ्या लसींपुढे तारखा पडल्यात. त्याच कार्डात बाळंतपणानंतर आईला तपासल्याचा तक्ताही आहे. पहिला दिवस, तिसरा, सातवा आणि सहावा आठवडा असे त्याचे रकाने. पहिल्या तिन्हींत काहीतरी लिहिलंय. सहाव्या आठवड्याचा रकाना कोरा आहे.

त्या आठवड्यात मी घरी बसले होते असं नाही. दीड महिन्याची लस त्याच आठवड्यात असते. लेकीला मांडीवर घेऊन मी आरोग्य केंद्राच्या बाकावर दीड तास बसले होते. नर्सताईंनी तिचं वजन केलं, दोन्ही मांड्यांत सुया दिल्या, तोंडात थेंब घातले, ताप आला तर औषध किती द्यायचं ते दोनदा समजावून सांगितलं. काम चोख होतं त्यांचं, आणि मागं वीस-पंचवीस लेकरं रडत होती. मला त्यांनी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही की शिंक आली, खोकला आला, नुसतं जोरात हसले तरी माझी लघवी गळते. कमरेत उसण भरते. खाली बसलं की उठताना कशाचा तरी आधार घ्यावा लागतो. मला वाटलं, आता हे असंच असणार.

बाळंतपणानंतर बाईनं व्यायाम करावा का, कधी करावा, यावर आपल्याकडे दोनच आवाज ऐकू येतात. एक घरातला: तू आता आई झालीस, अंगाकडे बघायचे दिवस संपले. दुसरा मोबाईलमधला: तीस दिवसांत पोट सपाट. दोन्ही आवाज बाईच्या शरीराबद्दल बोलतात, पण ते शरीर दिवसभर करतं काय, हे दोघांच्याही गावी नाही. मला वाटतं हा प्रश्न सौंदर्याचा नाहीच आणि बाईच्या जिद्दीचा तर मुळीच नाही. आजारपणानंतर माणूस पुन्हा कामाला लागतो तेव्हा त्याला जसं हळूहळू उभं करतात, तसं बाळंतिणीला उभं करायची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आहे. माझं म्हणणं, ती घराची आहे आणि सरकारी आरोग्य यंत्रणेचीही. आज ती एकट्या बाईवर टाकलेली आहे.

आधी आपल्या जुन्या रीतीबद्दल बोलते, कारण तिला नावं ठेवणं सोपं आहे आणि ते मला करायचं नाही. सव्वा महिना ही फार शहाणी गोष्ट होती. बाईला बाजेवरून उठू द्यायचं नाही, दोन वेळचं गरम ताट हातात द्यायचं, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाळंतशोपा, सकाळी मालिशवाली. दूध पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज 600 कॅलरी जास्त लागतात, असं भारतीय वैद्यक संशोधन परिषद म्हणते. ढोबळ हिशेबानं तीन ज्वारीच्या भाकरी जास्तीच्या. आमच्या आज्यांना कॅलरी माहीत नव्हती, पण ताटात काय वाढायचं ते माहीत होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची चालही त्याच शहाणपणातली, कारण आईच्या घरी पोरीला झोप मागायला लाज वाटत नाही.

सगळंच बरोबर होतं असंही नाही. माझी लेक मार्चमधली. सोलापूरचा एप्रिल म्हणजे पारा बेचाळिशीपलीकडे, आणि माझ्या बाजेखाली ओव्याची शेगडी, खिडक्या बंद. लेकीच्या मानेवर घामोळं उठलं तेव्हा आईनंच शेगडी उचलून बाहेर नेली आणि आजीला म्हणाली, थंडीतली रीत आहे ती, उन्हाळ्यात नको. रीत अशी थोडी वाकवता येते.

माझी खरी तक्रार सव्वा महिन्यानंतरच्या दिवसाबद्दल आहे. सव्वा महिना काही उचलायचं नाही, आणि तो संपला की सगळं उचलायचं. मधे पायरीच नाही. सासरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. आमच्या भागात नळ चार दिवसांआड येतो, त्यामुळे पाणी आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरून घ्यायचं, हे इथल्या बाईला सांगावं लागत नाही. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो. मी श्वास रोखून, दात आवळून ती न्हाणीपासून स्वयंपाकघरापर्यंत नेली, तशा अकरा बादल्या. शेवटच्या बादलीला ओटीपोटात काहीतरी खाली ओढल्यासारखं झालं. तीन महिन्यांनी एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितलं, की श्वास रोखून ओझं उचललं की पोटातला सगळा दाब खाली जातो. उचलताना श्वास सोडायचा, आधी खालचे स्नायू आवळायचे, बादली अंगाजवळ धरायची. एवढं एक वाक्य मला त्या बाकावर कोणी सांगितलं असतं तर? अर्धं मिनिट लागलं असतं.

ते खालचे स्नायू म्हणजे काय, हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं. आपण लेकराला साडीची झोळी बांधतो ना, तशी एक झोळी बाईच्या कमरेच्या हाडांमध्ये बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, आतडं त्या झोळीवर टेकलेलं असतं. नऊ महिने तिच्यावर ओझं असतं, बाळंतपणात ती ताणते, सिझर झालं तरी नऊ महिन्यांचा भार चुकत नाही. ती पुन्हा घट्ट करता येते. लघवी अडवताना आपण जे आवळतो तेच आवळायचं, मोजून धरायचं, सोडायचं. फक्त लघवी करताना हा सराव करायचा नाही. अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगेल या स्त्रीरोगतज्ज्ञानं 1948 साली हे मांडलं, म्हणून त्याला केगेलचा व्यायाम म्हणतात. त्याला जिम लागत नाही, बूट लागत नाहीत, पाजताना बसल्या जागी होतो. इतकी स्वस्त गोष्ट शहराच्या प्रत्येक बाळंतिणीपर्यंत पोचत नाही, याचा मला राग येतो.

मोबाईलमधल्या व्हिडिओंनी माझं उलट नुकसानच केलं. अडीचाव्या महिन्यात मी रात्री लेक झोपल्यावर पोटाचे व्यायाम सुरू केले, उताणं झोपून वर उठायचे. पोट कमी होण्याऐवजी बेंबीच्या रेषेत उभा उंचवटा यायला लागला. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधून दूर सरकतात, आणि बऱ्याच जणींत ती फट बाळंतपणानंतर लगेच भरत नाही. उताणं झोपून, गुडघे दुमडून, डोकं जरासं उचलायचं आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवायची. दोनपेक्षा जास्त बोटं आत बसली तर फट अजून आहे. माझी साडेतीन बसली. अशा पोटावर उताणं झोपून वर उठायचे व्यायाम केले की फट आणखी ताणू शकते. पोटपट्ट्यानं उभं राहताना आधार वाटतो, पण नुसत्या पट्ट्यानं ती भरत नाही. धावायचं असेल तर निदान तीन महिने थांबा, असं ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी 2019 च्या आपल्या मार्गदर्शिकेत म्हटलंय. चालणं मात्र त्रास नसेल तर पहिल्याच आठवड्यात घरातल्या घरात सुरू करता येतं. सिझरवालीनं टाक्यांचं आणि ओझ्याचं डॉक्टरांना विचारून ठरवावं.

"आमच्या वेळी कुठं होतं हे सगळं? आम्ही दहाव्या दिवशी शेतात गेलो." हे वाक्य मी सासूबाईंच्या मैत्रिणींकडून बऱ्याचदा ऐकलं. मी त्यांना उलट बोलत नाही. पण त्यांच्यातल्याच एक आजी एका दुपारी, घरात दुसरं कोणी नाही हे बघून, मला म्हणाल्या, "पोरी, माझं अंग बाहेर येतंय गं. वीस वरसं झाली. दाबून आत घालते आन् कामाला लागते." वीस वर्षं त्या एसटीत बसायच्या आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. नवऱ्याला माहीत नाही, मुलाला माहीत नाही, डॉक्टरला दाखवलेलं नाही. आमच्या वेळी काही नव्हतं हे खरं आहे. त्याची किंमतही कुणीतरी दिली, ती पदराआड दिली म्हणून दिसली नाही, एवढंच. यंदा गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर लेकीला कडेवर घेऊन फिरताना माझ्या लक्षात आलं, की मीही दुपारपासून पाण्याला तोंड लावलेलं नाही. त्या आजींची सवय माझ्यात आली होती, बाळंतपणाला वर्षही झालं नव्हतं.

आता रोजच्या निर्णयांचं. बाळाबद्दलचा प्रत्येक बारका निर्णय आईच्या अंगावरून जातो, आणि हे कोणी बोलून दाखवत नाही. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे मला मनापासून पटलं आणि मी ते पाळलं; गुटीसाठी घरात तीन दिवस अबोला झाला तरी पाळलं. पण अंगावरचं दूध म्हणजे दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा मान खाली घालून बसणं. उशी घेऊन बाळाला छातीपर्यंत वर आणायचं, आपण त्याच्यावर वाकायचं नाही, हे शिकवणारं कोणी नसेल तर मान आणि पाठ जातेच. लेकरू कोणत्या कडेवर घ्यायचं, हाही निर्णयच. मी कायम डाव्या, कारण उजव्या हातानं फोडणी. रात्री कोण उठणार? पाजायला मी उठणार हे ठीक, पण लंगोट बदलायला, ढेकर काढायला, पुन्हा झोपवायलाही मीच का?

व्यायाम केल्यानं दूध आटतं, ही भीती मात्र मनातून काढून टाका. मध्यम व्यायामानं दूध कमी होत नाही आणि बाळाची वाढही अडत नाही, हे तपासून झालेलं आहे. पोटभर खायचं आणि पाणी प्यायचं, एवढं सांभाळलं की झालं. आणि ज्या दिवशी झोप किंवा व्यायाम यांतलं एकच मिळणार असेल, त्या दिवशी झोपा. यावर माझं मत पक्कं आहे. रात्रीच्या चार जागरणांनंतर पहाटे पाच वाजता कंबर कसणाऱ्या आईचं कौतुक करणारे लोक तिला दुपारी तासभर झोपू द्यायला येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस बाळंतिणींसाठीही आठवड्याला 150 मिनिटांची आहे, हळूहळू वाढवत नेलेल्या मध्यम हालचालीची. म्हणजे दिवसाला वीस-बावीस मिनिटं. वीस मिनिटं कोणीही काढेल, असं वाटतं. पण ती सलग मिळवायची तर तेवढा वेळ लेकरू कोणीतरी धरलं पाहिजे. आमच्या घरी सकाळी साडेसहा ते सात दहा ही वेळ ठरली. लेक बापाकडे, मी कंबर तलावाच्या बाजूला चालायला. पहिल्या दिवशी बाराव्या मिनिटाला हे लेकीला घेऊन फाटकाशी उभे, ती लालबुंद होऊन रडतेय. मी परत आले. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं निघाली. पंधरा दिवसांनी त्यांना तिची ढेकर काढायची स्वतःची पद्धत सापडली, माझ्यापेक्षा बरी. सासूबाई आधी म्हणाल्या, "बाप्याला लेकरू धरायला लावून ही फिरायला जाते." आता सात वाजले की त्याच विचारतात, "आज गेली नाहीस का गं?" माझ्या चालण्यासाठी घराला फक्त चाळीस मिनिटं हलावं लागलं. तरीही त्यासाठी मला पाच महिने लागले, कारण मागायचं धाडस होत नव्हतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. मला 180 दिवसांची पगारी रजा मिळाली. म्हणून हे मागायचं धाडस तरी झालं. आमच्या ओळखीच्या एक अक्का विड्या वळतात. यंत्रमाग आणि विडी, या दोन धंद्यांवर हे शहर उभं आहे, आणि विडीचा भार जवळजवळ सगळा बायकांवर. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू, पाठीचा बाक, आणि दिवसाला हजार विड्यांचा हिशेब. जेवढ्या वळल्या तेवढे पैसे. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही मातृत्वाचा लाभ देऊ केला होता, आणि 2017 मध्ये पगारी रजा 26 आठवड्यांची झाली, हे मी वर्गात शिकवते. अक्कांच्या सुनेनं बाळंतपणानंतर पंचविसाव्या दिवशी सूप मांडीवर घेतलं. तिचं नाव कारखान्याच्या पुस्तकात नव्हतं, सासूच्या नावावर ती वळत होती. घरोघरी तुकड्यावर शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बायांची गत वेगळी नाही. त्यांना "स्वतःसाठी वेळ काढा" असं सांगणं मला क्रूर वाटतं. त्यांना तासन्‌तास मांडी घालून बसल्यावर दर अर्ध्या तासानं उठून दोन फेऱ्या मारा, तंबाखूचे हात धुऊनच बाळाला घ्या, पाजताना पाठीला भिंत घ्या, असं सांगणारं कोणीतरी दारात यायला हवं.

आणि दारात येणारी व्यक्ती आहे! आशाताई. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं, असं त्यांचं काम ठरलेलं आहे. पुढं तीन महिन्यांपासून पंधरा महिन्यांपर्यंत दर तिमाहीला त्या येतात, पण त्या भेटी बाळाच्या. त्यातच आईसाठी चार प्रश्न घाला: लघवी गळते का, कंबर-ओटीपोट दुखतं का, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, मन कसं आहे. बाळंतपणानंतर 180 दिवस लोहाची गोळी घ्यायची असते; माझ्या गोळ्या दुसऱ्या महिन्यात संपल्या आणि पुन्हा आणायच्या असतात हेच मला ठाऊक नव्हतं. देशात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 बायका रक्तक्षयात आहेत, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. रक्त नसलेल्या बाईला व्यायाम सांगून ती चक्कर येऊन पडेल. मनाचं विचारायलाही मोठी यंत्रणा नको. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिंबरोची दहा प्रश्नांची पट्टी 1987 पासून जगभर वापरात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 च्या शिफारशींतही सहाव्या आठवड्यातली भेट ठेवली, आणि आईला लघवीबद्दल, पाठदुखीबद्दल, थकव्याबद्दल विचारा असं स्पष्ट लिहिलं. आपल्याला नवी तारीख शोधायची गरजच नाही. दीड महिन्याच्या लसीला आई बाळाला घेऊन स्वतःच्या पायानं केंद्रात येते, बाकावर बसते, लस दिल्यावर अर्धा तास थांबतेही. त्या अर्ध्या तासात, पडद्याआडच्या एका खाटेवर, तिला दहा मिनिटं तपासा. पोटाची फट, रक्तदाब, रक्त, टाके.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी आईच्या खात्यात 5000 रुपये येतात. त्यातला 2000 चा दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर मिळतो. लसीची अट योग्यच आहे, तिच्यामुळे लेकरं लसीला येतात. पण योजनेचं नाव मातृवंदना आणि आई तपासली गेली का हे त्या हप्त्याला विचारत नाही. अट आईवर घालू नका, तिचे पैसे अडकतील. केंद्रावर घाला: सहाव्या आठवड्याचा रकाना भरल्याशिवाय त्या दिवसाचा अहवाल पूर्ण धरू नका.

शहरात मोठ्या वास्तू बांधायला मी सांगत नाही. बागांमध्ये व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवलीत, त्यांवर तान्ह्या लेकराची आई चढू शकत नाही आणि लेकरू ठेवायला सावलीही नाही. त्यापेक्षा अंगणवाडीची खोली दुपारनंतर रिकामी असते. आठवड्यातून दोनदा, तासभर, खाली चादरी अंथरायच्या. सोलापुरात चादरींना काय तोटा! सरपटायला लागण्याआधी बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून अर्धा तास तरी पालथं ठेवावं लागतं, मानेला आणि खांद्यांना बळ येतं. लेकरं पालथी, आया त्यांच्या समोर उताण्या, डोळ्याला डोळा. कोणाचं रडायला लागलं तर शेजारची उचलून घेईल. मी आमच्या गच्चीवर चौघींनी मिळून महिनाभर हे करून बघितलं. व्यायाम निम्मा झाला असेल, पण त्या चौघींपैकी दोघींनी तिथंच पहिल्यांदा लघवी गळण्याचं बोलून दाखवलं. एक जण रडली. तिला वाटत होतं ती एकटीच.

माझी नणंद पुढच्या महिन्यात बाळंतीण होईल. तिच्या बॅगेत मी लंगोट, टोपरी, बाळंतविडा भरून दिलाय आणि तिचं कार्ड तिच्यासमोर उघडून त्या रकान्याभोवती पेन्सिलीनं गोल काढलाय. दीड महिन्याच्या लसीला तिच्यासोबत मी जाणार आहे. लेकराला मी धरीन, आणि तो रकाना भरेपर्यंत आम्ही बाकावरून उठणार नाही.